नृत्यनाट्यातील समुद्र : म्हैसूरच्या एका परंपरेच्या निमित्ताने

समुद्र रंगमंचावर आणणे ही कोणत्याही कलावंताची कसोटी पाहणारी गोष्ट आहे. चित्रकाराला चौकट असते, कवीला शब्द असतो; नर्तकाजवळ मात्र घट्ट जमिनीवर उभ्या असलेल्या स्वतःच्या शरीराखेरीज काही नसते, आणि संगीतकाराजवळ असतो तो क्षणोक्षणी विरून जाणारा नाद. अशा साधनांनी एका अमर्याद, आकारहीन आणि अखंड हलणाऱ्या वस्तूचा प्रत्यय कसा द्यावयाचा? या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर अनुकरणाचे आहे. नर्तकांच्या रांगांनी लाटांप्रमाणे उठावे-बसावे, वाद्यांनी लाटांची गाज काढावी, प्रकाश निळा असावा. अलीकडे तर एवढेही श्रम घ्यावे लागत नाहीत. समुद्राचा ध्वनिमुद्रित आवाज आणि पाठीमागच्या पडद्यावर हलणारे त्याचे चित्र यांनी काम भागते. परंतु हे उत्तर जितके सोपे तितकेच अपुरे आहे. अशा प्रयोगात प्रेक्षकाला समुद्र ओळखू येतो. अनुभवास येतो असे मात्र म्हणता येत नाही. ओळख पटणे आणि अनुभव येणे यांतील हे अंतर नेमके कशाने पडते, हे समजून घ्यावयाचे तर ज्या परंपरेने समुद्राचे चित्र काढण्याच्या भरीस न पडता समुद्र रंगमंचावर आणला, तिच्याकडे वळावे लागते. आणि चमत्कारिक वाटेल, पण त्या परंपरेचे एक मूळ पश्चिम घाटाच्या अलीकडे, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या म्हैसूर शहरात सापडते.

प्रथम संज्ञांविषयी थोडे स्पष्टीकरण हवे. ‘बॅले’ या शब्दाला मराठीत ‘नृत्यनाट्य’ हा पर्याय रूढ झाला आहे आणि व्यवहारात तो सोयीचाही आहे. तथापि या दोन शब्दांनी दाखविल्या जाणाऱ्या वस्तू एक नव्हेत. पाश्चात्त्य बॅले हा सामान्यतः निःशब्द असतो. कथा सांगण्याचे काम वाद्यवृंद आणि शरीर यांनाच करावे लागते. भारतीय नृत्यनाट्यात पद्य गायिले जाते आणि नर्तक त्या पद्याचा अभिनय करतो. भेद वरवर पाहता तांत्रिक वाटतो, पण समुद्राच्या बाबतीत तो निर्णायक ठरतो. जेथे शब्द नाही तेथे ‘हा समुद्र आहे’ हे सांगण्याची जबाबदारी संगीतावर पडते. जेथे ‘सागर’ हा शब्द गायकाच्या मुखातून येतोच, तेथे संगीत या जबाबदारीतून मोकळे होते. या मोकळीकीचे ते काय करते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

पाश्चात्त्य संगीतात समुद्राचे नाव निघाले की क्लोद देब्युसी या फ्रेंच संगीतकाराच्या ‘ला मेर’ या रचनेचे स्मरण अपरिहार्यपणे होते. १९०३ मध्ये तिला आरंभ झाला तेव्हा देब्युसी समुद्रकाठी नव्हता, बर्गंडीच्या टेकड्यांत होता. तेथे समुद्र नाही याची त्याला पुरती जाणीव होती. परंतु आपल्याजवळ समुद्राच्या असंख्य आठवणी आहेत आणि प्रत्यक्षापेक्षा त्याच अधिक मोलाच्या आहेत, अशा आशयाचे पत्र त्याने आपल्या मित्राला लिहिले. १९०५ च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये ही रचना प्रथम वाजविली गेली, तेव्हा प्येर लालो या समीक्षकाची तक्रार अशी होती की, आपल्याला यात समुद्र ऐकू येत नाही, दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. ही तक्रार आज कोणी गंभीरपणे घेत नाही. पण तिच्यामागची अपेक्षा मात्र अद्याप गेलेली नाही. कलाकृतीतील समुद्र हा किनाऱ्यावरच्या समुद्रासारखा असला पाहिजे, ही ती अपेक्षा होय. देब्युसीने तिच्याकडे पाठ फिरविली. त्याने लाटेचा आवाज घेतला नाही, तिच्या घडणीचे तत्त्व घेतले. लहान लहान स्वराकृती उठतात, एकमेकींत मिसळतात, पूर्ण होण्याआधीच दुसरे रूप घेतात आणि मोठ्या उसळीला कारण होतात.

बॅलेच्या क्षेत्रात याच प्रश्नाला फ्रेडरिक ॲश्टन या इंग्रज नृत्यरचनाकाराने १९५८ मध्ये ‘ऑन्डीन’ रचून वेगळ्या वाटेने उत्तर दिले. त्याचे संगीत हान्स व्हेर्नर हेंत्से या जर्मन संगीतकाराचे होते आणि हेंत्सेने इटलीतील इस्किया बेटावर वास्तव्य केलेले होते. म्हणजे समुद्र त्याच्या दाराशीच होता. ॲश्टनने समुद्र देखाव्यात न ठेवता मार्गो फाँटेन या नर्तकीच्या देहात ठेवला. जलपरी भूमीवर येते, प्रथमच स्वतःची सावली पाहते आणि तिच्याशी खेळते. पाण्यात राहणाऱ्या देहाला सावली अपरिचित असणार, एवढ्या एका कल्पनेतून प्रेक्षकाला पाण्याची जाणीव होते. तेथे पाणी दाखविलेले नाही. पाण्याच्या बाहेर आलेल्या देहाचे नवखेपण दाखविले आहे. समुद्राजवळ राहणे वा न राहणे हा मुद्दा दुय्यम आहे, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात येते. आपल्या माध्यमाला समुद्राने काय करावयास लावले, हा खरा मुद्दा आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन म्हैसूरकडे यावे. विसाव्या शतकाच्या मध्यास या शहरात पौर्वात्य आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही संगीतविद्यांचा ज्या गांभीर्याने व्यासंग चालत होता, त्याला तोड सापडणे कठीण आहे. १९४० मध्ये गादीवर आलेले महाराज जयचामराजेंद्र वडियार हे स्वतः पियानोवादनात निपुण होते. निकोलाय मेट्नर या उपेक्षित राहिलेल्या रशियन संगीतकाराच्या रचना त्याच्या हयातीतच ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून त्यांनी द्रव्यसाहाय्य केले. लंडनच्या फिल्हार्मोनिया वाद्यवृंदाच्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष होते. तेच महाराज कर्नाटक संगीतातील कृतींचे रचनाकारही होते, आणि त्या संगीतातील त्यांच्या गुरूंपैकी एक होते म्हैसूर वासुदेवाचार्य.

वासुदेवाचार्यांचा जन्म १८६५ चा. संस्कृताचा गाढ व्यासंग, तेलुगू व संस्कृत भाषांतील शेकडा-दोनशे रचना आणि तिरुवैयारू येथे पटणम् सुब्रह्मण्य अय्यर यांच्यापाशी घेतलेली तालीम ही त्यांची पुंजी. म्हैसूरहून तिरुवैयारूस जाणे म्हणजे कावेरीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरणे होय. म्हैसूरजवळच्या श्रीरंगपट्टणला वळसा घालणारी हीच नदी तंजावरच्या मुलखात तिरुवैयारूवरून वाहते आणि पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. कर्नाटक संगीताची भरभराट या नदीच्या काठाने झाली, आणि त्या संगीताचा स्वभावही नदीचा आहे असे म्हटल्यास ते केवळ अलंकारिक ठरणार नाही. आलाप एका दिशेने वाहत जातो, वळणे घेतो, विस्तारतो. समुद्राला मात्र दिशा नाही. तो कोठे जात नाही. नदीच्या स्वभावाच्या संगीताने समुद्राला कसे सामोरे जावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ विषयाचा नाही. तो घाटाचा, म्हणजे रूपबंधाचा प्रश्न आहे.

तो प्रश्न उभा राहण्याचा प्रसंग रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यामुळे आला. १९२८ मध्ये ॲना पाव्हलोव्हा ही विख्यात रशियन नर्तकी मुंबईस आली होती, आणि पुढे ऑस्ट्रेलियाला जाताना रुक्मिणीदेवी आणि ती एकाच जहाजावर होत्या. त्या सागरप्रवासात जडलेल्या स्नेहातून रुक्मिणीदेवी प्रथम बॅलेकडे, आणि पाव्हलोव्हाच्याच सांगण्यावरून नंतर आपल्या देशातील नृत्याकडे वळल्या. १९३६ मध्ये त्यांनी मद्रास येथे कलाक्षेत्राची स्थापना केली. वाल्मीकिरामायणावर नृत्यनाट्यांची एक मालिका रचावी, अशी त्यांची मोठी आकांक्षा होती. त्यासाठी संस्कृत आणि संगीत या दोहोंवर सारखेच प्रभुत्व असलेला रचनाकार हवा होता. त्यांच्या निमंत्रणावरून वासुदेवाचार्य नव्वदीच्या उंबरठ्यावर असताना म्हैसूर सोडून मद्रासला, म्हणजे समुद्राच्या काठी, गेले. त्यांच्याबरोबर त्यांचे नातू एस. राजाराम होते.

मालिकेतील पहिले ‘सीतास्वयंवरम्’ १९५५ मध्ये रंगमंचावर आले. पण १९६१ च्या मे महिन्यात वासुदेवाचार्य निवर्तले, तेव्हा रामकथा अद्याप अरण्यातच होती. समुद्र यावयाचा होता. उरलेल्या भागांचे संगीत राजाराम यांनी आजोबांच्या वळणावर पूर्ण केले. ‘चूडामणिप्रदानम्’ १९६८ मध्ये आणि शेवटचे ‘महापट्टाभिषेकम्’ १९७० मध्ये सादर झाले. हनुमंताचे सागरोल्लंघन ज्या सुंदरकांडात येते, त्याच्या संगीताची जबाबदारी अशा रीतीने दुसऱ्या पिढीवर आली. परंपरा म्हणजे आधीच्यांनी बांधलेल्या वस्तूचे जतन, एवढाच अर्थ घेतला तर येथे तो पुरा पडणार नाही. जे आजोबांनी बांधले नव्हते ते त्यांच्या रीतीने बांधून दाखविणे, ही परंपरेची याहून अवघड कसोटी होती.

आता वाल्मीकीचा समुद्र कसा आहे ते पाहिले पाहिजे. रामायणातील समुद्र हे प्रेक्षणीय दृश्य नव्हे; ते अंतर आहे आणि ती अडचण आहे. त्याची रुंदी शंभर योजने सांगितली आहे. तो ओलांडताना हनुमंताला तीन प्रसंगांतून जावे लागते. मैनाक पर्वत पाण्यातून वर येऊन विसाव्याचे निमंत्रण देतो, नागमाता सुरसा मुख पसरून त्याची परीक्षा घेते, आणि सिंहिका राक्षसी त्याची सावली धरून त्याला खाली ओढते. पहिला अडथळा प्रेमाचा आहे, दुसरा परीक्षेचा आणि तिसरा वैराचा. पुढे युद्धकांडात राम किनाऱ्यावर दर्भासनावर तीन रात्री सागराची आराधना करतो, तरी सागर येत नाही. राम क्रुद्ध होऊन धनुष्याला हात घालतो तेव्हाच तो प्रकट होतो. मग नलाच्या देखरेखीखाली सेतू बांधला जातो. पहिल्या दिवशी चौदा, दुसऱ्या दिवशी वीस, नंतर एकवीस, बावीस आणि पाचव्या दिवशी तेवीस योजने, असा त्या कामाचा हिशेब कवीने दिला आहे. अमर्याद वस्तूला दिवसागणिक मोजून काढणे, हीच येथे समुद्राची जाणीव करून देण्याची युक्ती आहे. समुद्र किती मोठा हे त्याचे वर्णन करून नव्हे, तर तो पार करण्यास काय पडते हे सांगून कळविले आहे.

नृत्याला हा समुद्र मानवतो. नर्तकाला दृश्य दाखविणे कठीण; पण अडणे, झेपावणे, ओढले जाणे, लहान होणे, सुटणे या तर त्याच्या देहाच्याच क्रिया आहेत. ‘अभिनयदर्पणा’त पताक हस्ताचे जे विनियोग सांगितले आहेत त्यांत नदी, तरंग आणि समुद्र हे तिन्ही आहेत, मेघ आणि रात्रही त्याच हस्ताने दाखवावयाची आहेत. तळहात उघडा, बोटे जुळलेली, एवढाच तो हस्त. मग नदी कोणती आणि समुद्र कोणता, हे कशावरून ठरावे? दृष्टी किती दूर जाते, दंड किती पसरतो, पाऊल पुढे पडते की जागीच थबकते, यांवरून. म्हणजे हस्त समुद्राचे नाव सांगतो. समुद्राचे मोठेपण मात्र पाहणाऱ्या देहाच्या प्रतिक्रियेतून उमटते. समुद्र हातात नसून डोळ्यांत आणि पावलांत असतो.

संगीताच्या बाजूला कर्नाटक पद्धतीजवळ दोन उपाय मुळातच आहेत. पहिला कंपित गमक. यात स्वर एका स्थानी राहूनच आंदोलित होतो. तो पुढे जात नाही आणि स्थिरही राहत नाही. खोल समुद्रावरची लाट वस्तुतः अशीच असते. आकार पुढे सरकताना दिसतो, पाणी मात्र बहुतांशी आपल्या जागीच वर-खाली होते. नदीच्या स्वभावाच्या या संगीतात समुद्राचे बीज असे प्रत्येक स्वराच्या पोटात पडलेले आहे. त्यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. दुसरा उपाय तालाच्या आवर्तनाचा. तिस्र, चतुरस्र, खंड, मिश्र अशा गती बदलत्या ठेवूनही समेवर परत येणे चुकत नाही. नट्टुवनार जती म्हणू लागला की झेपेचा वेग आणि परतीची अटळता एकाच वेळी कानावर पडतात. उडणारा पुढे जात आहे आणि खाली पसरलेले पाणी तेथेच आहे, ही दुहेरी जाणीव देण्यास याहून समर्थ साधन शोधूनही सापडणार नाही.

मराठी समीक्षेजवळ या घटनेचे विश्लेषण करण्यास उपयुक्त अशी परिभाषा आहे. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. त्यांच्या आधारे पाहता, नृत्यनाट्यात शब्द समुद्राचे नाव घेतो, हस्त ती खूण करतो, आणि लय मात्र त्या दोहोंना विरोध करते. कारण ती समुद्राची नसून समुद्र ओलांडणाऱ्याची असते. या विरोधातून जो समतोल साधतो तोच अनुभव होय. याच ठिकाणी ध्वनिमुद्रित लाटांचा दोष उघड होतो. शब्दाने सांगितलेले, हस्ताने दाखविलेले तेच त्या पुन्हा सांगतात. संवाद वाढतो, विरोध नाहीसा होतो आणि समतोल साधण्यासारखे काही उरतच नाही. अनुकरण कमी प्रतीचे आहे म्हणून ते अपुरे पडते असे नव्हे; ते कितीही हुबेहूब झाले तरी अपुरेच पडणार, कारण ते पुनरुक्ती आहे.

हा निष्कर्ष केवळ कर्नाटक परंपरेपुरता नाही, याची साक्ष मराठीतच आहे. ‘सीतास्वयंवरम्’ रंगमंचावर आले त्याच १९५५ साली एप्रिल महिन्यात पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’चा आरंभ झाला. ग. दि. माडगूळकर माणदेशच्या कोरड्या मुलखातून आलेले, सुधीर फडके कोल्हापूरचे, आणि केंद्र पुण्याचे. समुद्र यांपैकी कोठेही नव्हता. सेतुबंधनाचे गीत तेथे वानरसमूहाच्या तोंडी घातले आहे आणि त्याला चाल आहे ती समूहाने करावयाच्या कामाची. श्रोत्याला सागर जाणवतो तो त्या कामाच्या ठेक्यातून. उलट, किनाऱ्यावर प्रत्यक्ष जगणाऱ्यांच्या कोळीनृत्याचे आज संमेलनांतून आणि स्नेहसंमेलनांतून काय झाले आहे ते पाहावे. वल्हे मारण्याची क्रिया मुळात श्रमाची होती. तिच्यात पाण्याचा जोर आणि खांद्याचा जोर यांची झुंज होती. मंचावर तिची एक सुबक हालचाल झाली. वल्ह्याला पाणी लागत नाही हे नर्तकाच्या खांद्यावरून कळते. पोशाख, टोपली, चाल सर्व काही समुद्राचे. नाहीसा झाला आहे तो फक्त समुद्राचा प्रतिकार.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. प्रतिकार हेच जर समुद्राचे कलेतील रूप असेल, तर हा समुद्र अखेर नायकाच्या पराक्रमाचे निमित्त ठरत नाही काय? रामायणातील सागर शेवटी हात जोडून उभा राहतो. आजचा समुद्र तसा राहिलेला नाही. ध्रुवांवरचे बर्फ वितळत आहे, पाण्याची पातळी चढत आहे, आणि समुद्राने आपल्याला वाट द्यावी हा प्रश्न मागे पडून त्याने आपल्या वस्तीची वाट धरली आहे हा प्रश्न पुढे आला आहे. जॉन ल्यूथर ॲडम्स या अमेरिकन संगीतकाराने ‘बिकम ओशन’ ही सुमारे बेचाळीस मिनिटांची वाद्यवृंदरचना केली. २०१३ मध्ये सिॲटल येथे ती प्रथम वाजविली गेली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. वितळत्या बर्फामुळे मानवजातीला पुन्हा समुद्रात विलीन होण्याची वेळ येऊ शकते, ही चिंता रचनाकाराने स्वतःच व्यक्त केली आहे. तिच्यात नायक नाही, ओलांडणेही नाही. वाद्यवृंदाचे तीन समूह आपापल्या कालमानाने चढतात-उतरतात आणि मोजक्याच क्षणी तिघांची भरती एकत्र येते. मध्यापर्यंत गेलेली रचना तेथून उलट क्रमाने मागे फिरते. श्रोता पार होत नाही. तो वेढला जातो.

नृत्यनाट्याच्या परंपरेपुढे हा आक्षेप आव्हान म्हणून उभा आहे. पण त्याला सामोरे जाण्यासाठी आपली साधने टाकून दुसऱ्याची घ्यावी लागतील असे नाही. ॲडम्सच्या रचनेत जे वेगवेगळ्या कालमानांचे चक्र आहे, त्याच्या जातकुळीची गोष्ट तालाच्या आवर्तनात आणि गतिभेदात आहेच. पुढे न जाता हलत राहणारा स्वर कंपितात आहेच. आजवर ही साधने ओलांडणाऱ्याच्या बाजूने वापरली गेली; ती पाण्याच्या बाजूने वापरणारा रचनाकार मात्र यावयास हवा. ज्या नृत्यात समेवर परत येणे हा विजय नसून वेढा असेल, ज्यात पताक हस्त दूरच्या पाण्याकडे नव्हे, उंबरठ्याशी आलेल्या पाण्याकडे पाहील, अशा नृत्याची सामग्री घरात आहे. वासुदेवाचार्यांच्या मागे राजारामांनी जे केले तेच पुन्हा एकदा, नव्या प्रसंगी, करावयाचे आहे.

समीक्षकाचे काम या बाबतीत माफक असले तरी टाळण्याजोगे नाही. समुद्रावरील नृत्य वा संगीत पाहता-ऐकताना ‘हे समुद्रासारखे आहे काय’ हा लालोचा प्रश्न सोडून द्यावा, आणि ‘समुद्राने या देहाला, या लयीला काय करावयास भाग पाडले’ हा प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्रे आता कलावंताहून अधिक चांगले देऊ लागली आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र जमिनीवर उभा असलेला नर्तक आणि समुद्रापासून दूर बसलेला संगीतकारच देऊ शकतो. म्हैसूरच्या परंपरेने ते एकदा दिलेही आहे.